एका कोयत्याच्या दोन नोंदी

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी लिहिलेला एक प्रोग्रॅम सर्व्हरवर चालला आणि त्याने एकशे चौऱ्याऐंशी बायकांच्या आरोग्याच्या नोंदी त्यांच्या नवऱ्यांच्या नोंदींत मिसळून टाकल्या. त्याला चाळीस सेकंद लागले. चूक मंगळवारी सकाळी सव्वादहाला कळली.

मी तेव्हा घाटनांदूरला होतो. ज्या कंपनीत काम करतो ती पुण्याची, माणसं तीसच्या आत. मी तिचं काम गावाकडून करतो. बाजारात खत-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर एक खोली आहे. तीत टेबल, खुर्ची, लॅपटॉप आणि इंटरनेटच्या दोन जोडण्या आहेत; एक बंद पडली की दुसरी. खालून दिवसभर खताचा वास येतो आणि कोणतं वाण यंदा फसलं यावरचा वाद ऐकू येतो.

त्या वर्षी आमच्याकडे एका संस्थेचं काम होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या आरोग्यासाठी ती संस्था काम करते. टोळ्या निघण्याआधी ती बीड जिल्ह्यातल्या गावांमध्ये शिबिरं घेते. नर्स रक्त तपासतात, गरोदर बायकांची माहिती घेतात, सगळं टॅबमध्ये भरतात. टोळ्या साखर कारखान्यांवर पोचल्या की संस्थेच्या गाड्या तिथल्या तळांवर फिरतात. गाडीतल्या नर्सने टॅब उघडला की गावात भरलेली नोंद तिच्यासमोर आली पाहिजे. आमच्या सॉफ्टवेअरकडून एवढीच अपेक्षा होती.

अडचण दुहेरी नोंदींची होती. एकच बाई दोन शिबिरांना यायची आणि तिच्या दोन नोंदी व्हायच्या. नावावरून त्या जुळवता येत नसत. आधार कार्डावर एक नाव, सासरी बदललेलं दुसरं, आणि नर्सने विचारल्यावर शेजारणीने सांगितलेलं तिसरं. म्हणून मी नावाचा नाद सोडला. मोबाइल नंबर एक, गाव एक आणि टोळीतला कोयता क्रमांक एक असेल तर तो माणूस एकच, असा नियम मी प्रोग्रॅममध्ये घातला. प्रत्येक रकान्यात दोन नोंदींपैकी जी माहिती नंतर भरलेली असेल ती ठेवायची, हा दुसरा नियम.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. मुकादम टोळी बांधतो तेव्हा माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. कोयत्याला मोबाइलही एकच असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो. हे पुण्याच्या ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या आई-वडिलांचा एक कोयता होता. अकरा हंगाम.

मंगळवारी सव्वादहाला फोन आला तो सातारा भागातल्या एका तळावरून. बोलणारी संस्थेची नर्स होती, पन्नाशीच्या पुढची, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली. तिचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. तिने सांगितलं की एक गडी पायाला कोयता लागला म्हणून पट्टी करायला आला आहे आणि टॅबवर त्याला पाचवा महिना दाखवतोय.

"तुमच्या बीडकडचे गडी आता बाळंत व्हायला लागले का?" तिने विचारलं. "तसं असेल तर सांगा बाबा, मी तयारीने येते."

मागे दोन-चार माणसं हसली. पट्टी करून घेणाराही हसत असावा. मी तिला थांबायला सांगितलं आणि त्या माणसाची नोंद उघडली. वय त्याचं, वजन बायकोचं, महिना बायकोचा. रक्तगट त्याचा. पुढची नोंद उघडली, तीही तशीच. पाचवी नोंद पाहिल्यावर मी पाहणं थांबवलं.

साडेदहाला मी ताईंना फोन लावला. ताई आमच्या टीमच्या प्रमुख, या कामात वीस वर्षं काढलेल्या. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मला ते जमेना, म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांना ताई म्हणालो. त्यावरून वर्षभर माझी टिंगल झाली आणि नंतर सगळं ऑफिसच त्यांना ताई म्हणू लागलं. त्या उन्हाळ्यात मी सीनियर पदासाठी अर्ज केला होता. येणाऱ्या भाषा, केलेली कामं, सात वर्षांचा अनुभव, असं सगळं त्यात होतं. ताईंनी तो वाचून परत केला होता. तुला काय काय येतं ते यात आहे, तुझ्या कामामुळे कुणाचं काय झालं ते यात नाही, एवढंच त्या बोलल्या होत्या. मला ते तेव्हा समजलं नाही. मी मनातून रागावलो होतो.

फोनवर मी त्यांना घडलेलं सांगितलं आणि लगेच म्हणालो की सोमवार पहाटेचा बॅकअप आहे, तो मी परत बसवतो, अर्ध्या तासात सगळं पूर्ववत होईल.

"काही दुरुस्त करू नकोस," ताई म्हणाल्या. "आधी सांग, या चुकीने आज कुणाला इजा होऊ शकते?"

तो प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. दहा मिनिटं माझं सगळं लक्ष प्रोग्रॅमवर होतं, आणि खरं सांगायचं तर अर्जावर.

ताईंनी घाई केली नाही. वजन चुकलं तर काय होईल, त्यांनी विचारलं. फार काही नाही. औषधांची यादी? ती नंतरची राहिली असेल, म्हणजे बायकोला नवऱ्याची दिसेल. नर्स विचारून घेईल. रक्तगट? तिथे मी थांबलो.

बाई निगेटिव्ह आणि टॅबवर पॉझिटिव्ह, असं झालं तर धोका होता. रक्त चढवण्याआधी कोणताही दवाखाना पुन्हा तपासतो, हे खरं. पण बाळंतपणात रक्तस्राव झाला तर निगेटिव्ह रक्त आधी मागवून ठेवलेलं असावं लागतं. ऐनवेळी ते मिळत नाही. शिवाय बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर आईला बाहत्तर तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावं लागतं. ते चुकलं तर पुढच्या बाळाला धोका राहतो. टॅबवर पॉझिटिव्ह दिसत असेल, तर हे रक्त आणि हे इंजेक्शन कुणी आणून ठेवणार नाही.

बॅकअप लगेच परत बसवणंही चूक ठरलं असतं. गाड्यांतल्या टॅबमध्ये चुकीच्या नोंदी आधीच उतरल्या होत्या. रेंज आली की त्यांनी त्या पुन्हा सर्व्हरवर ढकलल्या असत्या. हे ताईंनी मला सांगितलं नाही. "परत बसवल्यावर टॅब काय करतील?" एवढं विचारलं आणि उत्तर मला द्यायला लावलं.

पावणेअकराला सगळ्या गाड्यांना संदेश गेला: टॅबवरचा रक्तगट धरू नका, कळवेपर्यंत कुणाचाही धरू नका. संदेश ताईंच्या नावाने गेला. त्यात चूक आमची आहे असं लिहिलं होतं.

सव्वाअकराला बॅकअपमधून यादी निघाली. रक्तगट निगेटिव्ह असूनही आता पॉझिटिव्ह दिसत असलेल्या बायका नऊ. त्यांतल्या चार गरोदर. तिघींना महिने बाकी होते आणि त्यांच्या तळांवर गाड्या होत्या. दुपारपर्यंत तिघींपर्यंत नर्स पोचल्या. चौथी धारूर तालुक्यातल्या डोंगरातल्या एका गावची सून. वय एकवीस, पहिलं बाळंतपण, नववा महिना लागलेला. बॅकअपप्रमाणे तिचा रक्तगट ए निगेटिव्ह. टॅबवर बी पॉझिटिव्ह, म्हणजे नवऱ्याचा. दिलेला मोबाइल बंद होता.

तिची टोळी सकाळी फोन करणाऱ्या नर्सच्या तळापासून चार किलोमीटरवर होती. नर्स गाडी घेऊन तिकडे निघाली. अर्ध्या तासाने तिचा फोन आला. कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, कुणी नाही, दाराला दोरी बांधलेली आहे. शेजारच्या कोपीतल्या म्हातारीला ऐकू येत नाही. बाकी सगळे उसाच्या फडात.

इंजिनिअर होण्याआधी, म्हणजे पदवी मिळाल्यावर नोकरी मिळेपर्यंत, दोन वर्षं मी बीडला एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. तिथे एका माणसाच्या सांगण्यावर बातमी लागत नसे. दुसरा माणूस शोधावा लागे, आणि तो पहिल्याचा भाऊ नसावा लागे. बॅकअपमध्ये ए निगेटिव्ह होतं, पण बॅकअपही आमचाच. म्हणून मी त्या गावच्या आशा सेविकेला फोन केला. शिबिराच्या वेळी आमची ओळख झाली होती. गाव तिला अक्का म्हणतं, मीही अक्का म्हणतो. शिबिरात आमचा टॅब बघून तिने वही काखेत मारली होती आणि माझी वही चार्ज करावी लागत न्हाई, असं मला ऐकवलं होतं.

मी कारण सांगितलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. पानं उलटल्याचा आवाज आला.

"ए निगेटिव्ह. लाल पेनानं लिवलंय, खाली दोन रेघा मारल्यात," अक्का म्हणाली. "तिच्या कार्डावरबी लिवलं होतं मी. पण कार्ड इथंच राह्यलं की घरात. पेटीत हाय, घराला कुलूप हाय. मी म्हनले तिला, घेऊन जा. तर नवरा म्हनला, आता समदं टॅबात असतंय, कागद कशाला."

ते वाक्य नवऱ्याचं नव्हतं. शिबिरात दाखवण्यासाठी आम्ही माहितीची काही पानं तयार केली होती. त्यांतल्या तिसऱ्या पानावर ते होतं: आता कागद सांभाळायची गरज नाही. ते पान मी लिहिलं होतं.

बारा वाजता लाईट गेली. लॅपटॉप जुना, बॅटरी वीस मिनिटांची. मी खाली जाऊन दुकानदाराला इन्व्हर्टरवरून वायर मागितली. त्याने बिलाचं मशीन काढून ती जागा मला दिली आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांना हाताने पावत्या लिहून दिल्या. का, ते त्याने विचारलं नाही. लाईट पाचनंतर आली.

मुकादमाचा नंबर अक्काने दिला. पाचव्यांदा लावल्यावर उचलला. मागे ट्रॅक्टर चालू होता.

"कोन बोलतंय?"

मी कंपनीचं आणि संस्थेचं नाव सांगितलं. त्याचा आवाज बदलला. त्याच्या टोळीत सगळं कायद्यात आहे, लहान पोरं कामाला नाहीत, चौकशी करायची तर साहेबाला घेऊन या, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. मी म्हणालो की चौकशी नाही, एका बाईचा पत्ता पाहिजे. ते त्याला जास्तच वाईट वाटलं.

"बाईचा? कावून? तुला काय करायचंय बाईचा पत्ता?"

मग मी माझं गाव सांगितलं आणि वडिलांचं नाव सांगितलं. ट्रॅक्टर बंद झाला.

"त्याचा पोरगा का बे तू?" तो म्हणाला. "मंग आधी सांगायचं न्हाई का? तुझी माय लई चपळ. मोळी बांधायला तिच्यावानी कुनी नव्हतं आमच्यात. आमी मागून गेलतो त्या टोळीत, पर ती सांगायची आमाला. बरी हाय का?"

मी बरी आहे म्हणालो. मग त्याने सांगितलं. ती पोरगी सकाळच्या सातच्या एसटीने गेली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. माहेर कड्याला. बाप न्यायला आला होता. म्हातारा माणूस, त्याच्याकडे मोबाइल नाही. तिच्याकडेही नाही. मोबाइल नवऱ्याकडे, आणि नवऱ्याचा दोन दिवस चार्ज नाही. नगरला गाडी बदलून चार-पाचला पोचतील.

तेव्हा दुपारचे सव्वाबारा वाजले होते. पुढचे साडेचार तास ती बाई कुठल्या गाडीत आहे हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्या प्रवासात काही झालं असतं तर कोणत्याही दवाखान्यात तिच्याबद्दल मिळू शकणारी एकमेव माहिती टॅबवरची होती, आणि ती चुकीची होती.

अक्काने यावर उपाय काढला. कड्याची आशा सेविका तिच्याबरोबर प्रशिक्षणाला होती. तिला तिने फोन केला, मग मला केला. कड्याची बाई चारपासून स्टँडवर थांबेल, म्हणाली. पण ती पोरीला ओळखत नाही, मग फोटो पाहिजे. फोटो टॅबमध्ये होता. मिसळलेल्या नोंदीत तोही नवऱ्याचाच राहिला होता. मी बॅकअपमधून तिचा काढून पाठवला.

मधल्या वेळात ताई आणि मी फोनवर होतो. त्यांनी मला प्रोग्रॅम उघडायला लावला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला सांगितलं. कोयता क्रमांक एक असेल तर माणूस एक, या ओळीवर त्यांनी मला थांबवलं. हे कशावरून धरलं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं: मुकादमाच्या वहीत तसंच असतं. कोयत्याला एक ओळ, तीत नवऱ्याचं नाव. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की अकरा हंगामांत माझ्या आईचं नाव त्या वहीत एकदाही आलं नव्हतं. ती वही मी लहानपणी शेकडो वेळा पाहिली होती. प्रोग्रॅम लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तीच होती.

चाचणीचं काय, ताईंनी विचारलं. चाचणी पास झाली होती. चाचणीसाठी लागणारी खोटी माणसं मी स्वतःच तयार केली होती आणि प्रत्येक कोयत्याला एकच माणूस दिला होता.



"हा प्रोग्रॅम मीही तपासला होता," ताई म्हणाल्या. "कोयता म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. तुला माहीत असेल असं धरलं. तेही लिहायचं आहे. आता जेवून ये."

मी जेवायला गेलो नाही. दीड वाजता त्यांनी पुन्हा फोन करून काय जेवलास असं विचारलं, तेव्हा जावं लागलं.

चार वाजता कड्याची आशा सेविका स्टँडवर पोचली. सव्वाचारला नगरची एक गाडी आली, तीत ती नव्हती. साडेचारच्या गाडीतही नव्हती. अक्का दर गाडीनंतर मला फोन करून कळवत होती. पुढची गाडी सव्वापाचला होती. या काळात मी एकही ओळ लिहिली नाही. ताईंनी लिहायला सांगितलंही नाही. त्या फोनवर नुसत्या थांबून होत्या, त्यांच्याकडचा कीबोर्ड वाजत होता.

चार वाजून पन्नास मिनिटांनी अक्काचा फोन आला. कड्याची बाई गाड्या बघत बसली होती आणि ती पोरगी तिच्या मागे रसवंतीत बसलेली निघाली. बापाने तिला नगरला जीपमध्ये बसवलं होतं, जीप लवकर येते म्हणून. दोघं तिथे पाऊण तास तिच्या भावाची वाट पाहत होती. तो मोटरसायकल घेऊन यायचा होता.

"उसाचा रस पीत बसलीय," अक्का म्हणाली. "इतके दिस ऊस तोडून पुन्ना रसच."

कड्याच्या बाईने तिथेच एका चिठ्ठीवर ए निगेटिव्ह लिहिलं, खाली स्वतःचा नंबर लिहिला आणि चिठ्ठी बापाच्या टोपीत ठेवायला दिली. दुसरी स्वतःकडे ठेवली. बुधवारी सकाळी ती दोघींना, म्हणजे पोरीला आणि तिच्या आईला, तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. रक्त पुन्हा तपासलं. ए निगेटिव्ह. मला हे तिने स्वतः फोन करून कळवलं. तिच्याशी माझं तेवढंच बोलणं झालं आहे.

प्रोग्रॅमची दुरुस्ती बुधवारी दुपारी पूर्ण झाली. बॅकअप परत बसवला नाही. एकशे चौऱ्याऐंशी जोड्यांच्या नोंदी वेगळ्या केल्या, सोमवारनंतर भरलेली माहिती ज्याची त्याला दिली, आणि प्रत्येक गाडीतल्या टॅबमधून मिसळलेल्या नोंदी काढल्या. प्रत्येक पायरी आधी वहीत लिहिली, मग ताईंना वाचून दाखवली, मग चालवली. माझ्या सात वर्षांत इतकं सावकाश काम मी केलं नव्हतं. नर्सने संध्याकाळी कळवलं की पायाला पट्टी केलेला गडी आता गरोदर राहिलेला नाही आणि तळावर सगळ्यांना त्याचं वाईट वाटतंय.

गुरुवारी मी अहवाल लिहिला. पहिलं वाक्य असं होतं: तांत्रिक कारणामुळे काही नोंदी एकत्र झाल्या. ताईंनी तो परत पाठवला. पेपरात असतास तर हे वाक्य छापलं असतंस का, असं बाजूला लिहिलं होतं. मी वाक्य बदललं: मी लिहिलेल्या नियमामुळे एकशे चौऱ्याऐंशी बायकांच्या नोंदी त्यांच्या नवऱ्यांच्या नोंदींत मिसळल्या गेल्या. त्याखाली ताईंनी स्वतःच्या हाताने दुसरं घातलं: नियम मी तपासला आणि मंजूर केला. तिसऱ्या पानावरच्या कागद न सांभाळण्याच्या वाक्याचाही उल्लेख अहवालात आहे. ते पान काढून टाकलं.

पुढच्या सोमवारी संस्थेबरोबर बैठक झाली, व्हिडिओवर. ताईंच्या सांगण्यावरून अक्कालाही घेतलं. संस्थेच्या एका अधिकाऱ्याने हे कुणाच्या हातून झालं असं विचारलं. आमच्या, ताई म्हणाल्या, आणि पुढच्या मुद्द्याकडे गेल्या. मी बोलायला माइक सुरू केला होता. तो बंद केला.

अक्का शाळेच्या वर्गात बसली होती, मागे फळा दिसत होता. तिला नवा फॉर्म दाखवला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि सात चुका काढल्या. मोबाइल नंबर कुणाचा हे विचारायचा रकाना नव्हता. बाळंतपण कुठे होणार हे विचारायचा नव्हता. बाई कोणत्या नावाला ओ देते, हाही नव्हता.

"बाईकडं मोबाइल नसतो, एवढं तरी म्हाईत असंल ना तुमाला?" तिने विचारलं.

पुण्याच्या खोलीतली चार माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मी माइक पुन्हा सुरू केला आणि मला माहीत होतं असं सांगितलं.

"मंग लिवलं का न्हाई?"

मी म्हणालो की जे रोज पाहिलेलं असतं ते लिहायचं राहून जातं. अक्काने मान हलवली आणि पुढचा रकाना दाखवायला सांगितलं.

तेव्हापासून आमच्याकडे दोन गोष्टी चालत आल्या आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने चाचणीची माणसं तयार करायची नाहीत. ती दुसरा कुणी करतो. आणि फॉर्म बदलला की तो आधी अक्काकडे जातो. तिला त्याचं मानधन मिळतं. तिने काढलेल्या चुका मी एका फाईलमध्ये ठेवतो. अडकलो की ती उघडतो.

सीनियर पदाचं पत्र त्यानंतरच्या मार्चमध्ये आलं. त्याआधी ताईंनी मला अर्ज नव्याने लिहायला लावला होता. भाषांची यादी या वेळी एका ओळीत संपली. उरलेलं पान मंगळवारी सव्वादहापासून चार पन्नासपर्यंतचं होतं. त्यात आठ माणसं होती आणि मी त्यांतला एक होतो. पत्र आल्याचं कळल्यावर दुकानदाराने वर चहा पाठवला. आईला मी पद समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हणजे आता चुकलं तर तुलाच विचारणार का, तिने विचारलं. मी हो म्हणालो.

मुकादमाला त्या दिवसानंतर फोन करायचा मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा राहिलं. शेवटी हंगाम संपल्यावर घाटनांदूरच्या बाजारात तो स्वतःच भेटला. माझे आभार त्याने मध्येच तोडले आणि वडिलांची चौकशी केली.

त्या बाईबद्दलची माहिती अशी. कड्याला पोचल्यानंतर अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी साडेनऊला ती तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. दवाखान्याने निगेटिव्ह रक्ताची एक पिशवी आदल्या दिवशी मागवून ठेवली होती. ती वापरावी लागली नाही. मुलगी झाली, वजन दोन किलो सातशे ग्रॅम. मुलीचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. आईला इंजेक्शन रविवारी सकाळी अकरा वाजता दिलं.